मी लावलेली घाणेरी

डोंगरावरची ती फुलं मी आणली. गावात मागं कोणी म्हणायचं पाखरांनी आणली, कोणी म्हणायचं सरकारी रोपांबरोबर आली, एक जण तर म्हणाला होता की हवेतूनच आली. नगरहून एसटीनं, ओल्या पोत्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन मी आणली. कंडक्टरनं विचारलंही होतं, "बाई, भाजी का?" मी तोऱ्यात म्हटलं होतं, "शोभेचं झाड आहे."

कर्जतच्या पुढे एका डोंगराच्या पायथ्याला असलेल्या गावात मी अकरा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. त्या गावाला तेव्हा आदर्श गाव व्हायचं होतं. आमच्या जिल्ह्यात हे वेड बऱ्याच गावांना लागलं होतं, आणि वेड चांगलंच होतं. लोकांनी श्रमदान करून डोंगराला आडवे चर खणले, चरांच्या कडेनं कडुनिंब, करंज, सीताफळाची रोपं लावली. ग्रामसभेनं कुऱ्हाडबंदी केली, म्हणजे डोंगरावरचं झाड कोणी तोडायचं नाही. चराईबंदीही केली, म्हणजे तिथं जनावर सोडायचं नाही. गवत मात्र वाढू द्यायचं, आणि दसऱ्यानंतर घरटी एका माणसानं विळ्यानं कापून डोक्यावरून घरी न्यायचं. जनावरं दावणीला, गवत त्यांच्यापुढं. नियम गावानं केले, शाळेच्या भिंतीवर लिहिले मी. माझं अक्षर टपोरं, आणि त्याचा मला भारी गर्व. पहिलाच नियम होता, "आम्ही डोंगरावरचे कोणतेही झाड तोडणार नाही." पुढे मी ठसठशीत उद्गारचिन्ह दिलं होतं.

पहिल्या उन्हाळ्यात निम्मी रोपं वाळून गेली. पुढच्या वर्षी तपासणी समिती येणार होती, आणि चरांच्या कडेला नुसत्या काटक्या उभ्या होत्या. सरपंच हवालदिल झाले होते. तेव्हा मला आमच्या घरचं कुंपण आठवलं.

मी नगरच्या मिशन कंपाउंडात वाढले. आमच्या घराला गुलाबी-पिवळ्या फुलांच्या झुडपाचं कुंपण होतं. वडील शाळेत कारकून होते, आणि दर शनिवारी दुपारी मोठी कात्री घेऊन ते कुंपण असं छाटायचे की वरून परात ठेवली तर हलणार नाही. रविवारी चर्चला जाणारे लोक थांबून बघायचे. पाणी नको, खत नको, शेळी तोंड लावत नाही. आणखी काय हवं होतं? त्याच पावसाळ्यात मी पोतंभर काड्या आणल्या आणि मुलांकडून चरांच्या कडेनं लावून घेतल्या. सगळ्या जगल्या. सरपंच म्हणाले, "बाई, तुमी नसता तर आमचं काय खरं नव्हतं." मला कोणी हरभऱ्याच्या झाडावर चढवायला लागलं की मी शेंड्यापर्यंत जाऊन बसते. तेव्हाही जाऊन बसले.

वडिलांच्या दर शनिवारच्या कात्रीमुळे त्या कुंपणाला कधी फळ धरलेलं मी पाहिलं नव्हतं. डोंगरावर कोण कात्री घेऊन जाणार होतं? दिवाळीपर्यंत झुडपांना मण्यांसारखी काळी फळं लागली आणि बुलबुलांचे थवे त्यांच्यावर तुटून पडले. मी मुलांना म्हटलं, बघा, पक्षीसुद्धा आले. निबंधाला विषय मिळाला.

गावात एक विधवा बाई होती, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. मी तिला मावशी म्हणायची. नवरा होता तोवर दोघं ऊसतोडीला जायची, कधी श्रीगोंद्याकडे, कधी पार खाली घाटाकडच्या कारखान्यांवर. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा वारल्यावर ती अर्धा कोयता झाली, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम सहसा नेत नाही. मग तिनं एक गाय घेतली. जमीन नव्हतीच. डोंगरावरचं गवत, ती गाय आणि दोन घरांचा दुधाचा रतीब, त्यातलं एक घर माझं, एवढ्यावर तिचं घर चाललं होतं.

ती एकदा शाळेत आली. वर्ग चालू होता तरी दारात उभी राहिली. "बाई, ती घाणेरी हाय," म्हणाली. "आमी घाटाकडं लई पाह्यली. डोंगरच्या डोंगर खाल्लंत तिनं. तिच्याखाली गवाताची काडी येत न्हाई. आन जनावरानं भुकंपायी खाल्लीच, तर डोळं पिवळं पडत्यात, कातडं सोलून निघतं."

वर्गातली पोरं "घाणेरी" ऐकून फिदीफिदी हसायला लागली. मला राग आला. माझ्या वडिलांचं कुंपण, आणि ही त्याला घाणेरी म्हणते! मी म्हटलं, "मावशी, ते जंगली वेगळं. हे शोभेचं आहे." ती माघारी गेली. त्या दिवशी घरी जाताना मी एक पान चुरगळून हुंगलं होतं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. वास उग्र होता. लहानपणी कुंपण छाटल्यावर वडिलांच्या हातांना यायचा तोच. मी पान टाकून दिलं आणि हात धुतले.

पुढच्या श्रावणात, समिती यायच्या काही महिने आधी, मी नेहमीसारखी सकाळी डोंगराकडे फिरायला गेले. ती माझी रोजची सवय होती. झाडं बघायची, आणि आपण झाडं बघतो आहोत हे लोकांनी बघायचं. चराच्या कडेला पंधरा-वीस झुडपं बुडख्याजवळ कापून पडली होती. मावशी खाली उतरत होती, तिच्या हातात ऊसतोडीचा कोयता होता. मला पाहून ती थबकली. मी सरळ सरपंचांच्या घरी गेले.

तिला आधी विचारायला हवं होतं, एवढं तरी मला त्या वयात कळायला हवं होतं.

दोन दिवसांनी शाळेच्या मैदानात ग्रामसभा भरली. कुऱ्हाडबंदी मोडणारी ती पहिलीच. तिला उभं केलं. सरपंचांनी मला विचारलं, "बाई, तुमी डोळ्यांनी पाह्यलं?" मी हो म्हटलं. तिला विचारलं, का तोडलीस? ती म्हणाली, "गवात वाचवाया तोडली. बाईंनी चांगल्या मनानं आनली, पर बाईंना ठावं न्हाई. समदा डोंगर खाईल ती."

एवढ्यावर मी गप्प बसले असते तर कदाचित निभावलं असतं. पण सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी उठले आणि म्हटलं, "मावशी, कोयता चालवता आला म्हणजे झाडं कळतात असं नाही."

लोक हसले, चांगले मोकळेपणानं हसले. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि खाली बसली. आजही कधी मी वर्गातल्यासारखा आवाज काढला की ते हसणं मला ऐकू येतं.

शिक्षा अशी झाली की त्या साली डोंगरावरच्या गवतात तिला वाटा नाही, आणि कोयता शाळेत जमा. सरपंचांनी तो माझ्याच हातात दिला. मुठीला सुतळी गुंडाळलेली होती, घामानं काळी पडलेली. मी तो कार्यालयातल्या खिळ्याला अडकवला.

दिवाळीनंतर समिती आली. कापलेल्या बुडख्यांना तोवर दुप्पट फुटवा आला होता. जिथं एक काडी होती तिथं पाच-पाच. मी समितीच्या साहेबांना ते मुद्दाम दाखवलं. "कापलं तरी मरत नाही, सर," असं म्हणताना मला किती आनंद झाला होता! गावाला बक्षीस मिळालं, मला तालुक्याला शाल मिळाली. त्याच आठवड्यात मावशीनं गाय काष्टीच्या बाजारात नेऊन विकली. मला रतीब घालायचं तिनं आधीच बंद केलं होतं. मी दुसरीकडून दूध लावलं.

पुढे माझी बदली झाली. सामान बांधताना बागेची खुरपी, झारी आणि तो कोयता एकाच पोत्यात गेले. चुकून गेला असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खरं म्हणजे पोत्यात टाकताना मी तो पाहिला होता. परत द्यायला तिच्या दारात जावं लागलं असतं, आणि ते माझ्या जिवावर आलं होतं. निवृत्तीनंतर मी नगरच्या घरी राहायला आले, तेव्हा तो माझ्याबरोबर माळ्यावर चढला.

आम्ही चर्चमध्ये दर रविवारी सगळे मिळून पापांची कबुली देतो. सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळून जातो, आणि नेमकं काय केलं ते सांगावं लागत नाही. मला ती सोय फार आवडायची.

गेल्या हिवाळ्यात फोन आला. "बाई, ओळखलं का?" माझीच विद्यार्थिनी, झुडपं लावल्यानंतर शाळेत आलेली, आता त्या गावची सरपंच. तिला पाढे पाठ होत नसत म्हणून मी तिला बाकावर उभं केलेलं मला आठवलं, ती मात्र विसरली असावी. म्हणाली, "बाई, डोंगर सगळा घाणेरीनं भरला. गवत राहिलं नाही. कुऱ्हाडबंदीमुळं इतकी वर्षं कोणी हातच लावला नाही तिला. आता ग्रामसभेत ठराव घेऊन परवानगी काढलीय. श्रमदान ठेवलंय. पहिली कुदळ तुमच्या हातानं मारायची."

मी म्हटलं, मला गुडघ्यांचा त्रास आहे. ती म्हणाली, गाडी पाठवते. शेवटी मी माळ्यावरून कोयता काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि कापडी पिशवीत घातला.

गाव जवळ आलं तसा डोंगर दिसायला लागला. खरं सांगायचं तर तो सुंदर दिसत होता. पायथ्यापासून माथ्यापर्यंत गुलाबी-पिवळा. चर दिसत नव्हते, कडुनिंब दिसत नव्हते, एक बोट जागा रिकामी नव्हती. गाडीतून उतरले आणि तोच वास आला. वडिलांच्या हातांचा वास अख्ख्या गावाला येत होता.

शाळेच्या भिंतीवरचे नियम अजून होते. दरवर्षी कोणीतरी माझ्याच अक्षरांवरून नवा रंग फिरवत आलं होतं. उद्गारचिन्हसुद्धा जपलं होतं. मांडव त्याच भिंतीसमोर घातला होता. मला खुर्ची, शाल, नारळ. सरपंचीण भाषणात म्हणाली, "बाईंनी आपल्याला झाडं लावायला शिकवलं. ही घाणेरी कुठनं आली देव जाणे." मी समोर बघितलं. बायकांच्या घोळक्यात, शेवटून दुसऱ्या ओळीत मावशी बसली होती. केस पांढरे झालेले, पण बसण्याची तऱ्हा तीच, गुडघे जवळ घेऊन. ती माझ्याकडेच बघत होती.

माझी पाळी आली. मी माईक धरला आणि बोलले. "ही घाणेरी देवानं आणली नाही, मी आणली. नगरहून, एसटीनं. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी लहानपणी माझ्या सांगण्यावरून ती लावली. चूक माझी आहे. मला लाज वाटते. मला माफ करा."

मांडवात टाळ्या सुरू झाल्या. थांबेचनात. मागून कोणी म्हातारा ओरडला, "याला म्हंत्यात मोठं मन!" सरपंचिणीनं डोळे पुसले आणि माईकवर म्हणाली, "असे गुरू मिळायला भाग्य लागतं." आणि मी काय केलं? मी हात जोडले. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं असं वाटून मला बरंसुद्धा वाटलं. शरमेच्या भाषणावर मी पुन्हा एकदा शाल कमावली होती.

कार्यक्रम संपला. लोक चहा-बुंदीच्या रांगेत लागले. माईकवाला वायर गुंडाळायला लागला. मी पिशवी घेऊन मावशीकडे गेले. म्हटलं, "मावशी, ओळखलं ना?"

"न वळखायला काय झालं," ती म्हणाली. "बोललात चांगलं."

मी पिशवीत हात घातला. ती पुढे म्हणाली, "झाड आनलं ते सांगितलं तुमी. मला हितंच उभी केल्ती, ते न्हाई सांगितलं."

ती रागानं बोलली नव्हती. दुधाचा रतीब किती, हे सांगावं तसं सांगितलं. माझा हात पिशवीतच राहिला.

"माझी पोरगी हाय हितं, नातवंडं हायती," ती म्हणाली. "गावात अजून म्हंत्यात, हिनं डोंगूर तोडल्ता. गावात नव्यानं आलेल्या सुनांला सुदिक ठावं हाय. तुमाला समदी टाळ्या वाजवत्यात."

मी माईककडे बघितलं. वायरीचं भेंडोळं टेम्पोत गेलं होतं. टाळायला तेवढंच निमित्त पुरेसं होतं, आणि मला माझी जुनी चाल माहीत होती: पुढच्या वेळी, पत्र लिहून, सरपंचिणीला फोन करून. मी तिथल्या तिथं खुर्ची ओढली आणि, गुडघा दुखत असताना, खुर्चीवर चढले. एका बाईनं घाबरून माझा हात धरला. मी वर्गातला आवाज काढला. तो अजून शिल्लक होता.

"इकडे लक्ष द्या," मी म्हटलं. रांग वळली. "मघाशी मी अर्धंच सांगितलं. या मावशींनी मला तेव्हाच सांगितलं होतं ही घाणेरी आहे म्हणून. त्यांना कळत होतं, मला कळत नव्हतं. त्यांनी गवत वाचवायला ती कापली. त्यांची चहाडी मी केली. त्यांना याच मैदानात उभं केलं ते माझ्यामुळे. त्यांना मी टोचून बोलले आणि तुम्ही, तुमचे वडील हसले. त्यांचा गवताचा वाटा गेला, गाय गेली. त्यांनी डोंगर तोडला नव्हता. त्यांचं तेव्हा ऐकलं असतं तर डोंगर वाचला असता."

या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या सभेला असलेले दोघे-तिघे म्हातारे चहाच्या कपात बघत राहिले. मघाशी "मोठं मन" म्हणणारा त्यांच्यातलाच एक होता. सरपंचीण हळूच म्हणाली, "बाई, उतरा, पडाल." मी उतरले.

मी कोयता कागदातून काढून दोन्ही हातांनी पुढे केला. मावशीनं तो घेतला. पात्यावर गंज चढला होता. तिनं मुठीची सुतळी बोटांनी चाचपली. तिच्या नवऱ्यानं गुंडाळलेली असणार. मग पदरानं पातं पुसत ती म्हणाली, "ह्यानं घाणेरी जात न्हाई, बाई. कापली की दुप्पट फुटती. मुळासकट उपटाय पायजे. मला ठावं हुतं ते."

"मग तेव्हा कापली का?" मी विचारलं.

"उपटाय यळ लागतो. एकेका बुडाला अर्धा अर्धा तास." तिनं माझ्याकडे बघितलं. "तुमी रोज सकाळी फिराय यायच्या. तुमी यायच्या आत निघाया पायजे हुतं मला. तुमच्या भ्यानं कापली."

समितीच्या साहेबांना मी हौसेनं दाखवलेला तो दुप्पट फुटवा माझ्या डोळ्यांपुढे आला. तिनं कोयता कमरेला खोचला, ढिगातून एक कुदळ स्वतः घेतली आणि दुसरी माझ्या हातात दिली. पहिली कुदळ मारायचं राहूनच गेलं होतं. लोक आता तसेच, नारळ न फोडता, डोंगराकडे निघाले होते.

मी पहिल्याच चराशी थांबले. त्यापुढे गुडघा चढेना. एका झुडपाशी उभी राहून कुदळ उचलायची, आणि ती मातीवर नुसती टेकायची. मूळ कुठं लागेना. वरच्या चरात मावशी वाकून काम करत होती. तिच्या बाजूला दोन झुडपं मुळं वर करून पडलेली दिसली. तिनं मान वळवून मला बघितलं.

"बाई," ती वरून ओरडली, "भ्याऊ नका. जोरात मारा."